दीड पान

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये चांगलं पुस्तक ओळखण्याचं एक यंत्र अनेक वर्षं विनातक्रार चालू होतं. त्याला वीज लागत नसे. तेलपाणी म्हणून दिवसाकाठी चार कप चहा पुरत असे आणि देखभाल त्याची बायको करत असे. हे यंत्र आता कायमचं बंद पडलं आहे. कुणाच्या हातून, तेही यथावकाश कळविण्यात येईल.

या यंत्राला आम्ही दादा म्हणत असू.

नाव सांगत नाही. सांगून तुमच्या काही लक्षात येणार नाही, आणि ज्यांच्या येईल ते मला पुन्हा शिव्या देतील. उंच, मानेत जरासे वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम एक पेन्सिल. कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि पास की नापास ते सांगायचं. घराणं उज्जैनचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचं. आम्ही मंडळी पुण्या-मुंबईकडून नोकरीसाठी आलेली. त्यामुळे मराठी भाषा आम्ही ट्रंकेत घालून स्वतः आणली आहे आणि तिची किल्ली आमच्याच कमरेला आहे, असं आमचं ठाम मत होतं. मी तर मराठी मंडळाचा सेक्रेटरी. माझ्याकडे किल्ल्यांचा जुडगाच होता. त्यातली एक मंडळाच्या वाचनालयाची.

तर यंत्र कसं चालायचं ते पाहा. मंडळात नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की दादा संध्याकाळी हजर. पुस्तक उचलायचे, खिडकीपाशी जायचे आणि उभ्याउभ्या वाचायला लागायचे. एक पान. पान उलटून आणखी अर्धं. इथे निकाल लागे. कधी ते तसेच वाचत पुढे जात, मागे हात लांबवून खुर्ची ओढत, बसत, आणि ते पुस्तक घरी नेत. आणि कधी दीड पानावर पुस्तक फटकन मिटत. दार लावल्यासारखा आवाज यायचा. मग ते पुस्तक दोन्ही तळव्यांत धरून क्षणभर उभे राहायचे आणि टेबलावर ठेवून म्हणायचे, "आत्ता नाही. आत्ता नाही हो."

पहिली एक-दोन वर्षं आम्हाला यात विशेष काही वाटलं नाही. मग माझ्या चाणाक्ष नजरेला दिसलं, की दादा जे पुस्तक बसून वाचतात ते हमखास टुकार असतं. कुठल्याशा साखर कारखान्याच्या माजी अध्यक्षांचं सहाशे पानी आत्मचरित्र, ज्यात पहिली पन्नास पानं नुसते सत्काराचे फोटो. एका निवृत्त तहसीलदारांची स्वखर्चाने छापलेली कादंबरी, जिच्यात नायक प्रत्येक प्रकरणात एकदा अर्ज करतो. मधमाश्यांवरचं पुस्तक, ज्याच्या लेखकाला मधमाश्यांची भीती वाटत असावी असा मला संशय आहे. ही सगळी दादांनी शेवटच्या पानापर्यंत वाचली. आणि ज्या पुस्तकांसाठी आम्ही एकमेकांशी भांडायचो, नंबर लावायचो, ती दीड पानावर फटकन बंद.

मी सिद्धान्त मांडला. दादांची आवड उलटी आहे, पण चूक कधी होत नाही. मग काय, आम्ही तिचा उपयोगच करून घेतला! बिट्टन मार्केटजवळच्या एका दुकानदाराकडून पुस्तकं पसंतीसाठी आणायची, दादांसमोर ठेवायची आणि बाजूला कॅरम खेळत बसायचं. फटकन आवाज आला की मी ओरडायचो, "घ्या विकत!" खुर्ची ओढल्याचा आवाज आला की, "परत!" अख्खं मंडळ हसायचं. दादाही हसायचे. कशाला हसतोय हे त्यांना कळत नव्हतं असं मी तेव्हा समजत होतो.

"दादा, कधीतरी चांगलं वाचा की हो," मी म्हणायचो.

"वाचू, वाचू. आत्ता नाही."

"सध्या काय चालू आहे?"

"तेच. साखरवाले साहेब. तुरुंगात चाललेत."

"मग सोडा ना अर्धवट!"

"असं कसं? बिचाऱ्याला तुरुंगात सोडून देऊ?"

पहिल्या पाळीच्या बसस्टॉपवर, चहाच्या सुट्टीत, रविवारी जेवण झाल्यावर क्वार्टरच्या व्हरांड्यात नवारीच्या खाटेवर, असं त्यांचं वाचन चाले. स्वतःचीही पुस्तकं बरीच होती. प्रत्येकाला कारखान्यातल्या रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या कागदाचं कव्हर. त्यामुळे त्यांच्या कपाटात सगळी पुस्तकं सारखीच दिसायची, निळसर आणि मुकी. मी एकदा हात लावायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्याला नका छेडू. मी पण झटकते ती लांबूनच."

वहिनींनी एकदा शेवेची गोष्ट सांगितली होती. घरात उज्जैनहून शेव यायची. दादा आधी मऊ पडलेली जुनी संपवायचे, नवं पाकीट फोडू द्यायचे नाहीत. "आणि जुनी संपेस्तोवर नवीन मऊ होते," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्ष झाले, भावजी, मी या घरात कुरकुरीत शेव खाल्लेली नाही."

मी हा किस्सा कितीतरी ठिकाणी रंगवून सांगितला. त्यातून काही शिकावं असं मात्र सुचलं नाही.

दादांच्या मराठीची नक्कल हा माझा आणखी एक हुकमी प्रयोग. एका वर्षी गणपतीत बक्षीस समारंभाला ते बोलायला उभे राहिले आणि कळकळीने म्हणाले, "आपल्या मुलांना जितकी होईल तितकी शिक्षा द्या. मुलींना तर जास्तच द्या." त्यांना म्हणायचं होतं शिक्षण. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षणच. पण पहिल्या रांगेतली मुलं भेदरून आयांकडे बघायला लागली आणि सभागृह कोसळलं. पुढच्या वर्षीच्या नाटुकल्यात मी खिशाला पेन्सिल लावून, मान वाकवून तेच वाक्य म्हटलं. टाळ्या थांबेनात. दादा तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. नंतर विंगेत येऊन म्हणाले, "छान केलंत, सेक्रेटरी. माझा उच्चार बरोबर पकडला." थट्टा नव्हती त्यात. तपासनीसाचा अभिप्राय होता. पास.

मग दादा निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं होतं आणि अयोध्या नगरमधलं त्यांचं घर अजून पुरं झालं नव्हतं. प्लॅस्टर बाकी, खिडक्या बाकी. तोवर चार-पाच महिने उज्जैनला मोठ्या भावाकडे राहायचं ठरलं. प्रश्न पुस्तकांचा होता. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "मंडळ कशासाठी आहे? आणून टाका वाचनालयात."

एका मेटाडोरमधून पुस्तकं आली. दादांनी ती स्वतः उतरवली, भिंतीला लावून रचली आणि माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. अक्षर तपासणीच्या अहवालासारखं, सुटं आणि टोकदार.

"प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहिलं आहे. ‘झालं’ लिहिलेली पुस्तकं मंडळाला भेट. ‘बाद’ लिहिलेली अलग करावी. ती मंडळाच्या कपाटात लावू नये."

"समजलं ना, सेक्रेटरी?"

"अहो दादा, मराठीच आहे ना!" मी म्हणालो. आजूबाजूचे हसले.

ते गेले आणि पंधरवड्यात इस्टेट ऑफिसचं पत्र आलं, की खोलीची अर्धी जागा शिवणवर्गासाठी मोकळी करून द्या. मी बाह्या सरसावल्या. ‘झालं’ एका बाजूला, ‘बाद’ दुसऱ्या. ‘झालं’च्या ढिगात साखरवाले साहेब, तहसीलदार, मधमाश्या, सगळी ओळखीची मंडळी भेटली; आम्ही नको म्हटलेली ही पुस्तकं दादांनी स्वतः विकत घेतली होती. ‘बाद’चा ढीग मोठा होता. तीनशेच्या वर असतील.

आता बाद म्हणजे काय, ते तुम्हाला आणि मला सांगायला नको. खेळाडू बाद होतो, मत बाद होतं. आमच्या वाचनालयात तर ‘बाद पुस्तके’ अशी एक वहीच होती. फाटलेली, कसर लागलेली, कुणी न वाचणारी पुस्तकं त्या वहीत चढायची आणि मग रद्दीवाल्याकडे जायची. सेक्रेटरीची सही लागायची, ती माझी.

मी उघडून पाहिलं नाही असं समजू नका. तीन पुस्तकं उघडली. तिन्ही उत्तम. एक तर कधीचं छपाईतून गेलेलं, मी वर्षानुवर्षं शोधत होतो ते. तेव्हा माझ्या मनात संशय यायला हवा होता. त्याऐवजी मला आनंद झाला. अगदी मांडी थोपटावी असा आनंद! माझा सिद्धान्त लेखी पुराव्यासह सिद्ध झाला होता. बघा, साखरवाल्यांना ‘झालं’ आणि याला ‘बाद’! मी ते पुस्तक वर धरून सगळ्यांना दाखवलं, दादांच्या आवाजात "नापास!" म्हणालो, हशा घेतला. त्यातली बरीच मंडळाकडे आधीपासून होती, उरलेल्यांना जागा नव्हती, आणि चिठ्ठीत तर स्पष्ट होतं की कपाटात लावू नये. दादांच्या उज्जैनच्या भावाचा फोन नंबर माझ्या डायरीत होता. डायरी माझ्या खिशात होती.

रद्दीवाला हातगाडी घेऊन आला. दोन खेपा झाल्या. मी शोधत होतो ते पुस्तक तेवढं पिशवीत घालून घरी नेलं. चाळायला.

दादा आले ते एका सकाळी, मेटाडोर दाराशी उभी करून. घर तयार झालं होतं. चेहरा मुलीचं लग्न काढलेल्या बापाचा असतो तसा. "एक अख्खी खोली काढली आहे, सेक्रेटरी. भिंतीतच शेल्फ करून घेतले, सिमेंटचे. चला, बादवाली पुस्तकं कुठे ठेवलीत?"

मला पहिला चटका तेव्हा बसला. शब्द तोच, पण त्यांच्या तोंडून तो मऊ आला. मी काय बोललो ऐका. इतकी वर्षं रंगमंच गाजवलेला माणूस, मला एवढंच सुचलं:

"दादा, वाळवी लागली हो."

"वाळवी?"

"हो ना. काढून टाकावी लागली."

दादांनी खोलीभर नजर फिरवली. कपाटाजवळ गेले, साखरवाल्या साहेबांना काढलं, पुठ्ठा वाकवून पाहिला, कड बोटाने तपासली.

"‘झालं’वालींना नाही लागली?"

"नाही."

"फक्त ‘बाद’वालींना?"

"हो."

"म्हणजे पुठ्ठ्यावरचं वाचून खाल्ली," दादा म्हणाले. "शिकलेली वाळवी आहे, सेक्रेटरी."

मग मी सगळं सांगितलं. ते ऐकत साखरवाल्यांना हातात धरून उभे होते. मी थांबल्यावर म्हणाले, "पण मी तर लिहिलं होतं. बाद. बाद म्हणजे बाद में. नंतर. रिटायर झाल्यावर वाचायची."

"आमच्याकडे बाद म्हणजे…" मी म्हणालो आणि थांबलो.

"काय म्हणजे? सांगा ना."

"कामातून गेलेलं. टाकून द्यायचं."

"अच्छा," दादा म्हणाले. आणि माप तपासायचा एखादा नवीन गेज हातात आल्यासारखा त्यांनी तो शब्द दोनतीनदा उलटसुलट करून पाहिला. "बाद. बाद. टाकून द्यायचं. असं आहे होय."

मग त्यांनी समजावलं. मला, साहित्याच्या सेक्रेटरीला! दीड पान वाचलं की त्यांना कळायचं. चांगलं निघालं की ते तिथेच थांबायचे. आमच्याकडे चांगलं दिसलेलं पुस्तक पुढे कधीतरी स्वतःसाठी विकत घ्यायचे, कव्हर घालायचे, ‘बाद’ लिहायचे आणि ठेवून द्यायचे. "नोकरीतलं डोकं म्हणजे काय असतं, तुम्हाला ठाऊक आहे. कानात मशीन चालू, मनात उद्याचा माल. त्या डोक्यात साखरवाले चालतात. चांगल्या पुस्तकाला तसं डोकं द्यायचं म्हणजे त्याची बेइज्जती. म्हटलं, ही स्वच्छ बसून वाचू. आता तर कुठे सुरू करणार होतो."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जड आहे.

"गलती माझीच, सेक्रेटरी. मराठी मंडळाला लिहायचं, तर मराठीत लिहायला पाहिजे होतं."

मेटाडोर रिकामी गेली.

मी रद्दीवाल्यामागे धावलो. त्याने एका गोदामाचा पत्ता दिला, गोदामवाल्याने दुसऱ्याचा. माल कधीच कागदाच्या गिरणीला गेला होता. वजनकाट्यामागे निळसर कव्हरांची सहा पुस्तकं मिळाली. ती घेऊन अयोध्या नगरला गेलो. पिशवीत सात होती. सातवं माझ्या घरचं. तेही गोदामातच सापडलं असं मी सांगितलं, आणि आज इथे लिहीपर्यंत ते कुणाला खरं सांगितलेलं नाही.

ती खोली मी पाहिली. तीन भिंतींना खालपासून वरपर्यंत सिमेंटचे शेल्फ, ताजा चुना. एका कोपऱ्यात वहिनींनी लोणच्याच्या बरण्या ठेवायला सुरुवात केली होती. दादांनी सात पुस्तकं मधल्या शेल्फवर एकमेकांना टेकवून लावली, ती पडायला लागली म्हणून शेवटी एक बरणी आधाराला लावली. वहिनींनी चहा आणला. कप ठेवताना बशीत सांडला, तो पुसलाही नाही.

मला प्रायश्चित्ताची घाई झाली होती. मंडळाकडच्या प्रती मी स्वतः त्यांच्या घरी पोचवायला लागलो. "या घ्या, दादा, हव्या तितक्या दिवस ठेवा. निवांत वाचा." दादा पुस्तक घ्यायचे, खिडकीपाशी जायचे. आता त्यांना कुठलीच पाळी नव्हती. एक पान. आणखी अर्धं. फटकन.

"काय झालं?"

"होत नाही हो, सेक्रेटरी. हात आपोआप मिटतो."

"पण आता नंतरच आहे ना, दादा! आता वाचायचं!"

"ते मला कळतं. हाताला नाही कळत." ते हसले. "शेल्फ भरलेले असते ना, तर त्यांच्यासमोर बसून हाताला समजावलं असतं. बघ बाबा, एवढी वाट बघतायत. आता एकट्यादुकट्यासाठी तो ऐकत नाही."

म्हणजे पुस्तकं असती तरी कदाचित हाताने ऐकलं नसतं. हा विचार मी गेली कित्येक वर्षं दिवसातून एकदा तरी करून पाहतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मग त्या सिमेंटच्या भिंती आठवतात.

त्यानंतर दादा पुन्हा वाचनालयात यायला लागले. पूर्वीसारखंच कपाटापाशी जायचे आणि स्वतःच भेट दिलेल्या ‘झालं’मधून एखादं काढून न्यायचे. तहसीलदार दुसऱ्यांदा वाचला. मधमाश्या दुसऱ्यांदा वाचल्या. कॅरमवाले आता मान खाली घालून सोंगट्या लावत बसायचे. एकदा मी विचारलं, "सध्या काय चालू आहे?" तर त्यांनी पुस्तक नुसतं वर धरून दाखवलं. साखरवाले साहेब पुन्हा तुरुंगात चालले होते.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी दादा गेले. शाहपुऱ्याला भाचीकडे जेवायला गेले होते, हात धुवायला उठले आणि तिथेच बसले. त्रास काही झाला नाही, असं सगळे म्हणत होते. असं म्हणायचं असतं.

शोकसभा मंडळाच्या सभागृहात झाली. अध्यक्ष दोन मिनिटं बोलले आणि म्हणाले, आता आपले सेक्रेटरी. ते दादांच्या जवळचे. मी उठलो. खरं सांगतो, दोनच शब्द बोलून बसायचं ठरवलं होतं. पण समोर माणसं दिसली, माईक दिसला, आणि मला चढलं. आवाज आपोआप खर्जात गेला. वाक्यं आपोआप लांब व्हायला लागली. पहिल्या रांगेत वहिनी पांढऱ्या साडीत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि मी म्हणत होतो, की दादा म्हणजे सरस्वतीचा निस्सीम उपासक, की उत्तमोत्तम ग्रंथांच्या सहवासात ज्याचं अवघं आयुष्य गेलं, ज्याने अभिजात साहित्याचा एकेक घोट चवीने घेतला, असा हा तृप्त रसिक वाचक…

"भावजी, बस करा!" वहिनी बसल्या जागेवरून ओरडल्या. "चांगली पुस्तकं तुम्ही रद्दीत घातली. हे जन्मभर भंगार वाचून मेले!"